तांब्याच्या बाजूने

९ जानेवारी

ठिणगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. ओळखून ते न फोडताच बाजूला टाकलं असशील, तर पुढचं सगळं मी भिंतीशी बोलतेय. असो. मला सवय आहे. तुझ्या नवऱ्याला, चुकले, माजी नवऱ्याला मीच वाढवलंय.

मुद्द्याचं सांगते. त्या हौशी लोकांच्या साईटवर तू ॲम्प्लिफायरचं सर्किट टाकलं आहेस, ते मला सापडलं. शिक्क्यांसाठी अक्षरांचे नमुने शोधत होते, कुठून कुठे गेले, आणि समोर नाव दिसलं 'ठिणगी'. म्हटलं, या नावाने ट्रान्झिस्टर जोडणारी दुसरी कोण असणार? लग्न होऊन आलीस त्याच आठवड्यात तू आमच्या घराचा फ्यूज उडवलास आणि मी तुला हे नाव ठेवलं. तू ते जगभर मिरवतेस हे पाहून, खरं सांगते, मला भरून आलं.

तर मी तो ॲम्प्लिफायर बनवणार आहे. हसू नकोस. जन्मभर रबराचे शिक्के कापलेत, बारीक कामाला माझा हात अजून कापत नाही. सोल्डर करायला तूच शिकवलंस. सगळे भाग कुठले, कुठे लावायचे, ते तू फुकटात लोकांना दिलंच आहेस. मग लोकांत मी का नाही?

कशासाठी, म्हणशील. तू म्हणाली होतीस, "तुमच्यासाठी एक बनवते," आणि बनवायच्या आत गेलीस. आता तुझ्यामागे लकडा लावायला मी तुझी कोण? म्हणून स्वतःच बनवते. हे झालं अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की तुमच्या घटस्फोटाच्या कागदावर माझी सही कुठेच नव्हती. मला कुणी विचारलंच नाही, की बाई, तुला ही मुलगी ठेवायची आहे की सोडायची? मला ठेवायची आहे. तुला राहायचंय का, ते तू सांग.

जाताना तू फोनवर बोलून निरोप पाठवला होतास, तो मिळाला. ऐकला. बरं वाटलं. गडबडीत उत्तर राहून गेलं. नंतर तुझे फोन आले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून ठेवून दिले. राग धरू नकोस. पण आता फोन नको करूस, लिहूनच कळव. फोनवर बोलायचा मला कंटाळा येतो हल्ली. लिहिलेलं कसं, पुन्हा पुन्हा वाचता येतं.

२ फेब्रुवारी

ठिणगे,

तुझं उत्तर आलं. पाकीट दुकानात फोडलं, गिऱ्हाइकासमोर. अख्ख्या कागदावर सहा-सात ओळी, त्याही सगळ्या ट्रान्झिस्टरबद्दल. वर मायना नाही, खाली सही नाही. 'मोठे कपॅसिटर उलटे लावू नका, फुटतात.' बरं बाई, नाही लावणार. मी विचारलं काय आणि तू सांगितलंस काय! पण उत्तर आलं. कागद घडी करून खणात ठेवलाय, शाईच्या डब्यांजवळ नव्हे, वेगळा.

सुटे भाग विकणाऱ्याकडे जाऊन आले. तू जायचीस तोच तो, जिन्याखालचा. माझ्याकडे बघून म्हणाला, "मुलाच्या कॉलेजसाठी का?" म्हटलं, "मुलाचं डोकं विरळ झालंय, कॉलेज कसलं? माझ्यासाठी." मग खुर्ची पुसून दिली. माणूस बरा आहे, पण मेल्याला समोर तोंड करून बोलायचं वळण नाही. खणांत डोकं खुपसून पाठमोरा बोलत राहतो. मी आपली "हो, हो" करत राहिले, आणि घरी येऊन बघते तर रेझिस्टर भलतेच! दुसऱ्या दिवशी तुझी यादीच त्याच्या हातात ठेवली. तेच बरं.

ट्रान्सफॉर्मर उचलून आणताना खांदा भरून आला. चिरंजीव म्हणाले, "आई, हे काय काढलंयस?" म्हटलं, "वय झालंय माझं, वयाला शोभेलसं काहीतरी करतेय." हल्ली तो माझ्यावर वैतागलेला असतो. म्हणे टीव्हीचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. त्याचे कानच नाजूक आहेत. बापावर गेलाय.

तुझ्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस. जेवतेस ना वेळेवर? हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरतेस, एवढं मला कळलंय. कुणाकडून ते सांगणार नाही.

२० फेब्रुवारी

ठिणगे,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

सगळे भाग ज्यावर बसतात ती तांब्याची पाटी मीच बनवायची ठरवलं होतं. म्हटलं, छापणं-उमटवणं हा तर आपला धंदा. तू सांगितल्याप्रमाणे चकचकीत कागदावर रेषा छापल्या, कागद पाटीवर पालथा घातला, वरून इस्त्री फिरवली. शाई तांब्याला अशी घट्ट बसली की बघत राहावं. मग पाटी त्या तपकिरी पाण्यात सोडली. शाईखालचं तांबं तेवढं राहिलं, बाकीचं विरघळून गेलं. इतकी सुबक पाटी, की मी दुकानाच्या काचेत ठेवली. लोक विचारायला लागले, हा कुठल्या बँकेचा शिक्का?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिरंजीव आले. त्यांना इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही, तुला माहीत आहेच. पाटी हातात घेतली आणि म्हणाले, "आई, यावर उलटं का लिहिलंय?"

तू कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'तांब्याची बाजू' असं घातलं होतंस. माझ्या पाटीवर ते उलटं उमटलं होतं आणि मी दोन दिवस ते उलटंच घडाघडा वाचत होते! अगं, शिक्का उलटा कापला तरच सुलटा उमटतो. इतकी वर्षं दुसरं केलं काय मी? तुझी फाईल उघडल्या उघडल्या हातानेच ती उलटी केली, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. तू ती आधीच उलटवून ठेवली होतीस. म्हणजे उलट्याचं उलट झालं. आणि दुसऱ्या कुणाला ही चूक पहिल्या नजरेत दिसली असती, मला ती दिसायची सोयच नाही. मला उलटं-सुलटं सारखंच.

आता तीन पायांचे तुझे ट्रान्झिस्टर बसवले तर प्रत्येकाचा पाय चुकीच्या भोकात जाणार. रडू आलं मला. खोटं कशाला सांगू? पाटी दुसरीही करता येईल, पण मला वाटलं, आता तू म्हणशील, हिला जमत नाही, सोडा म्हणावं. मग मी पत्र कुठल्या निमित्ताने लिहू?

कळव. लगेच कळव. आणि फोन नको.

१४ मार्च

ठिणगे,

तू शहाणी आहेस हे माहीत होतं, पण इतकी! 'पाटी टाकू नका. सगळे भाग तांब्याच्या बाजूने लावा, म्हणजे पाय बरोबर भोकात जातील. भाग थोडे उंच ठेवा, खालून सोल्डरच्या टोकाला जागा हवी.' एवढंच. मी पाटी हातात घेऊन तीनदा उलटसुलट केली, तेव्हा कुठे उजेड पडला. अगं खरंच की! उलट्या पाटीवर उलट्या बाजूने चढलं की सगळं सरळ.

आणि त्याखाली एक ओळ. 'माझीही पहिली पाटी उलटीच झाली होती.' ती ओळ कशाबद्दलही नाही, ट्रान्झिस्टरबद्दल नाही, कपॅसिटरबद्दल नाही. त्या ओळीसाठी तुझे सगळे अपराध माफ. मायना अजूनही नाही घातलास, ते सोडून.

आता पाटी पूर्ण झाली आहे. भाग लांब पायांवर उभ्या असलेल्या किड्यांसारखे दिसतात, पण उभे आहेत. मोठे ट्रान्झिस्टर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवले, मध्ये वीज अडवायला अभ्रकाचा पातळ तुकडा घालायला विसरले नाही.

एक भांडण झालंय, तेही सांगते, नाहीतर साईटवर तुला दिसेलच. 'अनुभवी' नावाचा कुणी शहाणा तिथे तुझ्या सर्किटखाली लिहून गेलाय, की सुरुवातीची ती छोटी पाटी, बटणवाली, नवशिक्याची चूक आहे. ती म्हणे बारीक, धारदार आवाज नको इतके वर उचलते, संगीत कानाला टोचतं, त्यातला कपॅसिटर काढून टाकावा. मी लिहिलं, "महाराज, आपण बनवून पाहिलंत का? उचलली जीभ लावली टाळ्याला!" तर साईटच्या व्यवस्थापकांनी मलाच समज दिली, सभ्य भाषा वापरा म्हणून. जीभ आणि टाळू यात असभ्य काय आहे?

पण मनात किडा वळवळतोय. खरंच चूक आहे का ती? असेल तर मला खासगीत सांग, मी कुणाला कळू देणार नाही. काढू का तो कपॅसिटर?

३० मार्च

ठिणगे,

'काढू नका.' संपलं पत्र! दोन शब्दांसाठी पाकीट, तिकीट, पोस्टमनची पायपीट. तार करायची होतीस. नाही काढला, ठेवलाय.

आज जरा वेगळं लिहायचंय. चिरंजीवांचं दुसरं लग्न ठरतंय. मुलगी शाळेत शिकवते, शांत आहे, मला आवडली. तुला कुणाच्या तरी तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून सांगते. वाईट वाटलं तर वाटू दे, मला लिही. मलाही थोडं वाटलं.

जेवताना तो म्हणाला, "आई, तिच्याशी पत्रव्यवहार आता थांबव. त्यांच्या घरी कळलं तर बरं दिसणार नाही." रागाने नाही म्हणाला, ताटाकडे बघत म्हणाला. मला पहिल्यांदा नीट कळलं नाही, म्हणून वर बघून पुन्हा बोलायला लावलं. ते दुसऱ्यांदा बोलणं त्याला जड गेलं असावं.

मी म्हटलं, "घटस्फोट तुझा झालाय बाळा, माझा नाही झाला."

त्याने ताटातली पोळी बाजूला सारली. मी मनात म्हटलं, झालं, आता हा आठवडाभर तोंड फुगवणार. मलाही घासामागून घास जाईना. तो माझा एकुलता एक आहे गं. त्याचं घर पुन्हा उभं राहतंय आणि मीच त्यात पाय घालतेय की काय, असं वाटलं. तरी शब्द मागे घेतला नाही. तू इथे असताना या घरात मी जेवढी हसले, तेवढी नंतर हसलेली नाही. हे मी त्यालाही सांगितलं.

काल रविवार होता. मी शाईच्या जुन्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडत बसले होते, ॲम्प्लिफायर त्यातच बसवणार आहे. तो आला, माझ्या हातातून ड्रिल घेतलं आणि सगळी भोकं पाडून दिली. बटणाचं भोक वाकडं पाडलं, पण पाडून दिलं. जाताना म्हणाला, "तिला विचार, एवढी पुरेत का." मी त्याला चहा करून दिला.

पुरेत का?

११ एप्रिल

ठिणगे,

हे पत्र लांबेल. चहा घेऊन बस.

परवा दुपारी दुकान लवकर बंद केलं आणि पहिल्यांदा वीज दिली. तू सांगितल्याप्रमाणे मध्ये पिवळा बल्ब जोडला होता. बल्ब लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी चुकलंय, पेटून मंद झाला तर पास. बटण दाबताना मी डोळे मिटून घेतले. मग लक्षात आलं, डोळे मिटले तर बल्ब दिसणार कसा? उघडले. बल्ब पेटला, आणि हळूहळू विझत आला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मीटर लावला, आकडा शून्याच्या जवळ, म्हणजे तिथेही पास. मग स्पीकर जोडला, त्याला रेडिओ जोडला.

रेडिओवर नाटक चालू होतं. कुणीतरी कपात चमचा फिरवत होतं. ठिणगे, चमचा कपाला लागल्याचा आवाज मी कधीपासून ऐकलेला नव्हता, आणि ऐकलेला नाही हेही मला माहीत नव्हतं! मग एक बाई बोलायला लागली. तिचा 'स' ऐकू आला. 'श' ऐकू आला. 'त' आणि 'प' वेगवेगळे ऐकू आले. तुझं ते बटण मी पुढे फिरवत गेले आणि शब्दांना एकेक कड येत गेली. मी स्टुलावर बसून नुसती ऐकत राहिले. नाटक काय होतं, विचारू नकोस, कुणीतरी कुणाचीतरी जमीन लाटली होती.

'अनुभवी'चं बरोबर आहे. त्याच्या कानाला ते टोचणारच. ते त्याच्या कानासाठी केलेलंच नाही.

तुला माहीत होतं. मी सगळ्यांपासून लपवलं, मुलापासून, गिऱ्हाइकांपासून, आणि तुला माहीत होतं. म्हणून तू नेहमी माझ्यासमोर बसून बोलायचीस. मी चुलीशी असले तर आधी खांद्याला हात लावायचीस, मग बोलायचीस. मला वाटायचं, पोरगी लाघवी आहे. लाघवी आहेसच, पण तू मला लाज वाटू नये म्हणून एक शब्द न बोलता सगळं करत होतीस.

आता माझं ऐक. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तू फोनवर बोलत होतीस, तुझा आवाज आहे एवढं कळत होतं, शब्द एकही कळत नव्हता. किती वेळा "काय? काय?" म्हणणार? तू रडत असलीस आणि मी "काय?" म्हणाले तर? म्हणून ठेवून दिला. दोन्ही वेळा. तू पलीकडे काय समजलीस ते आता माझ्या लक्षात येतंय.

तुझा तो निरोपही मी ऐकलेला नव्हता. कितीतरी वेळा लावला, नुसती गुणगुण यायची. दुसऱ्या कुणाला ऐकवून विचारायचं मन होईना. तुझं माझ्याशी बोलणं, ते शेजारणीने मला वाचून दाखवावं?

नाटक संपल्यावर मी फोन त्या डब्याला जोडला. निरोप लावला.

"आई, तुमचा चष्मा चुकून माझ्या पिशवीत आलाय, पोस्टाने पाठवते. आणि एक विचारायचं होतं. आता कागदावर सगळं संपलंय. तर यापुढे तुम्हाला आई म्हटलेलं चालेल का? नसेल तर काही उत्तर देऊ नका, मी समजून घेईन."

एवढंच होतं. मी निरोप पुन्हा लावला, आणि पुन्हा. चष्मा आला होता, मी तो घालून रोज शिक्के कापत होते, आणि तू तिकडे उत्तराची वाट बघत होतीस. वरून मी तुला लिहिलं, 'ऐकला, बरं वाटलं'! आणि तुला टोमणे मारले, मायना घालत नाहीस म्हणून. पोरी, तू मायना घालणार तरी काय होतीस?

चालेल का म्हणून काय विचारतेस? दुसरं काही म्हटलंस तर मी ओ देणार नाही. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशिरा दिलं, पण मला आत्ता ऐकू आलं गं.

चिरंजीवांना सगळं सांगितलं, कानाचंही. त्याने माझा हात धरला. मग स्पष्ट, सावकाश, माझ्याकडे बघून म्हणाला, "टीव्हीवरून मी किती बोललो तुला." वेडा आहे. कानाच्या डॉक्टरांची वेळ त्यानेच घेतली, वीस तारखेची, सोमवारची. कानात घालायचं यंत्र देतील म्हणे. मी घ्यायला तयार आहे, पण तिथे तू बरोबर हवीस. ते काय विचारतील ते तू मला समोर बसून सांगशील.

तू लिहिलंयस, एकोणीस तारखेला, रविवारी, कामासाठी इकडे येतेयस, दुकान उघडं असलं तर डोकावशील. रविवारी दुकान बंद असतं हे तुला चांगलं ठाऊक आहे. ताकास तूर लागू न देणं हे तू कुणाकडून शिकलीस, तेही मला ठाऊक आहे. दुकानात नको, घरी ये. बॅग घेऊन ये, सोमवारपर्यंत राहा. चिरंजीव त्या दिवशी होणाऱ्या सासुरवाडीला जाणार आहेत, आपणहून ठरवलंय त्यांनी.

आणि बेल वाजवत दारात उभी राहू नकोस. मला ऐकू येणार नाही, आणि तुला वाटेल मी उघडत नाहीये. मी कडी काढून ठेवते. सरळ आत ये.